किती क्युसेकला आमच्या दारात पाणी?

दर पावसाळ्यात, बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात, आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश येतो. मुळा धरणातून आज अमुक वाजता इतके हजार क्युसेक पाणी नदीपात्रात सोडण्यात येणार आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, जनावरे व चीजवस्तू सुरक्षित ठिकाणी हलवाव्यात. संदेश आला की ग्रुपवर पाच-सहा जण हात जोडलेली चित्रं टाकतात, कोणी पुलावर जाऊन व्हिडिओ काढून आणतं आणि दोन दिवसांनी सगळं विसरलं जातं.

मागे असाच संदेश आला तेव्हा मी तो अम्मीला मोठ्याने वाचून दाखवला. तिने चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वो सब ठीक है. अपने घर तक पानी आता के नै, वो बोल."

मी शाळेत गणित शिकवते. धरणाचा साठा, विसर्ग, टक्केवारी, हे सगळं मला फळ्यावर मांडता येतं. पण अम्मीच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं सांगायचं तर राहुरीत मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांपैकी कोणाकडेच नव्हतं. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी क्युसेक म्हणजे काय ते पाहू. एका सेकंदाला एक घनफूट पाणी म्हणजे एक क्युसेक, साधारण अठ्ठावीस लिटर. घरातल्या मध्यम बादल्या धरल्या तर सेकंदाला दोन. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग अखंड चोवीस तास चालला की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी वाहून जातं. आणि आमच्या शहराच्या वरच्या अंगाला, बारागाव नांदूरजवळ, जे मुळा धरण आहे त्याची क्षमता आहे २६ टीएमसी. एवढं मोठं पाणी उशाला घेऊन राहुरी झोपते. यात घाबरण्यासारखं काही नाही, धरणाने या तालुक्याला ऊस दिला, गहू दिला, प्यायला पाणी दिलं. फक्त उशाला काय आहे हे झोपणाऱ्याला माहीत असावं.

पण या आकडेमोडीतून अम्मीचं उत्तर निघत नाही. कारण तेवढंच पाणी नदीत कुठे किती चढेल हे पात्राच्या रुंदीवर, उतारावर आणि वाटेतल्या अडथळ्यांवर ठरतं. पात्रात वेडी बाभूळ माजली असेल तर पाणी जास्त चढतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या वेळेवर काढल्या नसतील तर त्याच्या मागे तुंबतं. कुठे भराव टाकून पात्र अरुंद केलं असेल तर पाणी समोरच्या काठावर जातं. वाळू उपसून तळ खोल-वर झाला असेल तर जुना अंदाज चुकतो. म्हणून धरणावरच्या अधिकाऱ्याने क्युसेकचा आकडा सांगितला तरी तो आमच्या गल्लीत येईपर्यंत त्याचं भाषांतर कोणीतरी करायला हवं. ते भाषांतर म्हणजेच पुराच्या धोक्याचा नकाशा.

सांगलीच्या माणसाला हे भाषांतर येतं. तिथे पाऊस लागला की पानपट्टीवर, सलूनमध्ये, मशिदीच्या हौदाशी एकच प्रश्न असतो, आयर्विन पुलापाशी किती फूट झालं? चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या भागांत पाणी आधी शिरतं, मग पुढचे भाग, हा क्रम तिथल्या लोकांना पाठ आहे. कोल्हापुरातही तसंच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पेठेतली म्हातारी बाईसुद्धा फुटांच्या भाषेत बोलते. नाशिककरांकडे तर त्याहून जुनं मोजमाप आहे. गोदाकाठचा दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या गुडघ्याला आहे, कमरेला आहे की गळ्याला, यावरून सराफ बाजारातले दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात. हिंदू असो वा मुसलमान, पुराच्या दिवशी सगळे त्याच मारुतीकडे पाहतात.

यातून शहाणपण शिकायचं तर एक सावधगिरीही शिकावी लागेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनची पातळी ५७ फुटांवर गेली आणि सांगलीत जिथे कधी पाणी आलं नव्हतं तिथे आलं. पाठ असलेला क्रम अपुरा पडला. म्हणजे माणसांची आठवण हवीच, पण आठवण आपल्या आयुष्याएवढीच लांब असते. त्यापलीकडचं पाहायला गणित लागतं.

आमच्या राहुरीत तर आठवणही आटली. माझी दादी सांगायची, धरण होण्याआधी मुळा पावसाळ्यात अशी फुगायची की पलीकडच्या काठाची माणसं चार-चार दिवस इकडे यायची नाहीत. आमच्या जुन्या घराच्या एका लाकडी खांबाला तिच्या सासऱ्यांनी खिळा ठोकला होता, एका साली पाणी तिथवर आलं होतं म्हणून. घर पाडून नवं बांधलं तेव्हा खांब विकला गेला आणि खिळाही त्याच्याबरोबर गेला. त्या खिळ्याची उंची कोणी मोजून लिहून ठेवली नाही. आज मला वाटतं, आमच्या घराण्याकडे असलेला तो एकमेव नकाशा होता.

धरण झालं आणि नदीचा स्वभाव बदलला. वर्षातले बहुतेक महिने पात्र कोरडं. कोरड्या नदीची भीती कोणाला वाटणार? मुलं तिथे क्रिकेट खेळतात. हळूहळू काठ खाली उतरत गेला. आधी गोठा, मग पत्र्याची शेड, मग पक्कं घर. धरण आहे म्हणजे आता पूर येणार नाही, असा एक समज पक्का झाला. तो अर्धा खरा आहे. जून-जुलैत धरण रिकामं असतं तेव्हा ते मोठा लोंढा पोटात घेतं. पण सप्टेंबरात धरण काठोकाठ भरलेलं असताना परतीचा पाऊस वरच्या खोऱ्यात कोसळला तर धरणाला जागाच नसते, जेवढं येईल तेवढं खाली सोडावं लागतं. धरण लहान पूर अडवतं, मोठा पूर कधीकधी नुसता पुढे पाठवतं. लहान पूर थांबल्यामुळे आपण मोठ्याला विसरतो, ही धरणाखालच्या प्रत्येक शहराची गोष्ट आहे. खडकवासल्याखालच्या पुण्यात २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं, तेव्हा तिथे राहणारे लोक अडाणी नव्हते. त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं की किती क्युसेकला त्यांच्या पार्किंगमध्ये पाणी येतं.

याबद्दल कायदा-नियम काहीच नाही असं नाही. महाराष्ट्राच्या पाटबंधारे विभागाने १९८९ मध्येच पूररेषांचं परिपत्रक काढलं. त्यात दोन रेषा आहेत. ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, तिथे नवं बांधकाम नाही, बाग, मैदान, शेती चालेल. निळी आणि लाल यांच्यामधला पट्टा नियंत्रित, तिथे अटींवर बांधता येतं. २०२० च्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत ती अटही लिहिलेली आहे, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट, उंच हवं.

आता 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी जेवढा घोटाळा केला आहे तेवढा कोणत्याच शब्दांनी केला नसेल. लोकांना वाटतं, एकदा आला की आता शंभर वर्षं निवांत. दहावीच्या वर्गाला संभाव्यता शिकवताना मी मुलांना हेच गणित घातलं. पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी तो येण्याची शक्यता चार टक्के. न येण्याची शहाण्णव. तुमच्या वडिलांनी निळ्या रेषेच्या आत घर घेतलं आणि वीस वर्षांचं कर्ज काढलं, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी घरात पाणी येण्याची शक्यता किती? मुलांनी ०.९६ ला वीस वेळा गुणलं. उत्तर आलं, छप्पन्न टक्के. नाणं फेकण्यापेक्षाही वाईट. मग लाल रेषेच्या काठावरचं घर काढलं, तिथे अठरा टक्के, म्हणजे पाच-सहा घरांमागे एक. वर्ग थोडा वेळ गप्प होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, आपल्या शाळेत येतं का पाणी?" पुन्हा तोच प्रश्न, अम्मीचाच.

मी एकदा सुट्टीच्या दिवसांत एका कार्यालयात जाऊन राहुरीचा पूररेषेचा नकाशा पाहायला मिळेल का असं विचारलं. या टेबलावरून त्या टेबलावर गेले. एका भल्या माणसाने चहा पाजला आणि विचारलं, "मॅडम, तुम्हाला प्लॉट घ्यायचाय का विकायचाय?" नकाशा फक्त घेणाऱ्या-विकणाऱ्यालाच लागतो, राहणाऱ्याला लागत नाही, असं त्यात गृहीत होतं. नकाशा काही त्या दिवशी पाहायला मिळाला नाही. नंतर मी ओळखीच्या दहा राहुरीकरांना विचारलं, तुम्ही कधी पाहिलाय का? त्यात एक बांधकामाचा ठेकेदारही होता. दहापैकी एकानेही पाहिला नव्हता.

आणि समजा तो मिळाला, तरी नुसत्या दोन रेषांनी काम भागत नाही. रेषा सांगते आत की बाहेर. ती खोली सांगत नाही. घोट्याएवढं पाणी आणि गळ्याएवढं पाणी, दोन्ही रेषेच्या आतच. ती वेळ सांगत नाही. धरण आमच्या इतकं जवळ आहे की सोडलेलं पाणी पोचायला तासांचाच हिशेब धरावा लागतो. आणि ती ओढ्या-नाल्यांचं पाणी सांगत नाही. लहान शहरांत अनेकदा नदी दारात येतच नाही, नाला येतो. नदी चढली की नाल्याचं तोंड बंद होतं, शहरावर पडलेलं पावसाचं पाणी बाहेर जाऊ शकत नाही, उलटं फिरतं आणि नदीपासून लांबच्या गल्लीत गटारातून वर येतं. तिथले लोक म्हणतात, आम्ही कुठे नदीकाठी राहतो?

चांगला नकाशा कसा होतो, हे समजायला फार अवघड नाही. ठरावीक अंतरावर नदीचा आडवा छेद मोजायचा. शहरातल्या रस्त्यांची, जोत्यांची उंची मोजायची. उपग्रहावरून फुकट मिळणाऱ्या उंचीच्या नकाशात काही मीटरची चूक असू शकते. डोंगरासाठी ते चालतं, गल्लीसाठी नाही, तिथे एक फुटानेही फरक पडतो. म्हणून ड्रोन किंवा सर्वेक्षणाचं यंत्र लागतं. मग संगणकावर पाच हजार, दहा हजार, पंचवीस हजार, पन्नास हजार क्युसेक सोडून पाहायचं, पाणी कुठवर जातं. आणि शेवटी तो नकाशा घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे जायचं. हे बरोबर आहे का? तुमच्या वेळी कुठवर आलं होतं? संगणक आणि दादीचा खिळा, दोघांची साक्ष जुळली की नकाशा खरा.

यासाठी लागणारी विद्या आमच्याकडे नाही असं म्हणायची सोय राहुरीला तरी नाही. महात्मा फुले कृषी विद्यापीठ आमच्याच तालुक्यात आहे, त्याचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पाणी आणि जमीन मोजायला शिकणारी मुलं दरवर्षी तिथून बाहेर पडतात. एका बॅचचा प्रकल्प आणि नगरपरिषदेचं थोडं मन, एवढ्यात सुरुवात होऊ शकते.

मग अडतं कुठे? आता थोडं घरातलं सांगते, कारण मला वाटतं अडचण कार्यालयाइतकीच आपल्या घरात आहे.

अब्बांनी निवृत्तीच्या पैशातून नदीच्या अंगाला एक छोटा प्लॉट घेतला होता, माझ्या धाकट्या भावासाठी. भाऊ पुढे पुण्यात स्थिरावला. प्लॉट विकायला काढला. एक जोडपं पाहायला आलं. तो टेम्पो चालवायचा, ती शिलाईकाम करायची. दोघांनी वर्षानुवर्षं भाड्याच्या खोलीत काढून पैसे साठवले होते. सगळं पाहून झाल्यावर ती मला हळूच म्हणाली, "बाई, पावसाळ्यात पाणी येतं का हो इथं?"

अब्बा जवळच उभे होते. काहीच बोलले नाहीत. मीही क्षणभर गप्प राहिले. मग मी सांगितलं, दोन वर्षांपूर्वी त्या कोपऱ्यापर्यंत आलं होतं, मी स्वतः पाहिलंय. व्यवहार मोडला. घरी येताना अब्बा एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "सच बोलने का ठेका क्या हमनेच लिया है? बाजूवाले का तो बिक गया."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या प्लॉटमध्ये त्यांची तीस वर्षांची नोकरी होती. पण मला त्या रात्री, लहानपणी त्यांनीच सांगितलेली गोष्ट आठवत राहिली. पैगंबर (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगापाशी थांबतात आणि हात आत घालतात. वरून कोरडं, आत ओलं. विक्रेता सांगतो, पावसाने भिजलं. ते विचारतात, मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. व्यापारात मालाचा ऐब लपवायचा नाही, हे शिकवायला अब्बा ही गोष्ट सांगायचे. आमचं बागवानांचं मोहल्ला, भाजी-फळांचा धंदा करणारे शेजारी. गोष्ट सगळ्यांना पाठ.

पुराचा नकाशा म्हणजे दुसरं काय? ओलं धान्य वर ठेवणं. जमीन पावसाने भिजते, हा कोणाचा गुन्हा नाही. पण ती भिजते हे झाकून विकणं हा आहे. आणि आज आपली सगळी शहरं कोरड्या थराखाली ओलं धान्य झाकून विकत आहेत. बिल्डर झाकतो, दलाल झाकतो, परवानगी देणारा झाकतो, आणि आपला प्लॉट विकायची वेळ आली की आपणही झाकतो. शेवटी ते ओलं धान्य जातं कोणाच्या घरी? ज्याला कमी पैशात घर हवं असतं त्याच्या. स्वस्त आहे म्हणून तो घेतो, आणि ते स्वस्त का आहे हे त्याला पहिल्या पुरात कळतं. त्यात मुसलमान असतात, दलित असतात, भटके असतात, ऊसतोडीहून येऊन शहरात टिकलेले असतात. चांगल्या वस्तीत ज्यांना घर भाड्यानेही मिळत नाही, त्यांना नदी जागा देते.

म्हणूनच या वस्त्यांमध्ये नकाशाची भीती सर्वात जास्त आहे, आणि ती खोटी नाही. लोक मला म्हणतात, रेषा आली की बुलडोझर येईल. गरिबाचं घर निळ्या रेषेत सापडतं आणि मोठ्या माणसाचं मंगल कार्यालय त्याच पट्ट्यात असूनही रेषा त्याला वळसा घालून जाते. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर पूररेषा जाहीर झाल्या तेव्हा शहराचा मोठा भाग त्यांत आला आणि पूरग्रस्तांनीच विरोध केला. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं तेच म्हणाले, रेषा नको. कारण रेषेबरोबर दुरुस्तीची परवानगी, कर्ज, किंमत, सगळं अडतं हे त्यांनी ओळखलं. आमच्या जिल्ह्याच्या शहरातही सीनेच्या पूररेषेवर असाच वाद झाला. या लोकांना अडाणी म्हणून हसण्यात अर्थ नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की दोन गोष्टी वेगळ्या करा. नकाशा ही माहिती आहे, पाडापाडी हा निर्णय आहे. निर्णय वादाचा असू शकतो, त्यात पुनर्वसन, भरपाई, मुदत, सगळ्याची मागणी करू, त्यासाठी मोर्चेही काढू. पण त्या वादाच्या भीतीने माहितीच दाबली तर नुकसान कोणाचं? नकाशा नसल्याने बुलडोझर थांबत नाही, हे आपण पाहिलं आहे. उलट नकाशा उघडा आणि सर्वांच्या हातात असेल तर मोठ्याच्या मंगल कार्यालयाला वळसा घालणारी रेषा पोरालाही दिसते. अंधारात रेषा हलवता येते. चौकात टांगलेली रेषा हलवणं अवघड.

पण नुसता टांगूनही भागत नाही. जपानमध्ये प्रत्येक नगरपालिकेने पुराच्या धोक्याचा नकाशा करून लोकांना द्यायचा, असा कायदाच आहे. तिथल्या कुराशिकी शहराच्या माबी भागाचाही असा नकाशा होता. जुलै २०१८ मध्ये तिथे बंधारे फुटले आणि पाणी शिरलं. नंतर पाहिलं तर पाणी जवळजवळ नकाशात दाखवलं होतं तिथपर्यंतच गेलं होतं. नकाशा बरोबर निघाला. तरीही ५१ माणसं गेली, त्यांत बहुतेक वृद्ध. नकाशा घरात होता, कपाटात. जपानचं हे असेल तर आपल्या कार्यालयातल्या कपाटातल्या नकाशाचं काय सांगावं?

म्हणून राहुरीसाठी मला जे हवं आहे ते फार मोठं नाही. मुळेच्या पुलापाशी सर्वांना दिसेल असा फुटांचा रंगीत खांब. प्रत्येक प्रभागात, नगरपरिषदेच्या भिंतीवर, शाळेत, मंदिरात आणि मशिदीच्या नोटीस बोर्डावर एकच साधा तक्ता, धरणातून इतके क्युसेक सुटले तर या गल्लीत पाणी, इतके झाले तर त्या गल्लीत, पोचायला अंदाजे इतके तास, आणि जायचं कुठे. नाल्यांचं पाणी तुंबणारी ठिकाणं त्यातच. प्रत्येक पुरानंतर भिंतीवर पाण्याची खूण आणि तारीख, रंगाने, पुसली जाणार नाही अशी. आणि ग्रुपवर येणाऱ्या त्या सरकारी संदेशात क्युसेकच्या पुढे एक ओळ, 'या विसर्गाला अमुक भागात पाणी येऊ शकते.' त्या एका ओळीसाठी हा सगळा खटाटोप. ती ओळ आली की भोंग्यावरून सांगायला आमच्या मशिदीतले आणि देवळातले लोक कमी पडणार नाहीत.

आपले पूर्वज ही गोष्ट ओळखून होते. जुन्या गावाची पांढरी पाहा, बहुतेक वेळा उंचवट्यावर असते. नदीच्या अंगाला काय असतं? घाट, स्मशान, कब्रस्तान, एखाद्या पीराचा दर्गा, मोकळं मैदान, भाजीचे मळे. म्हणजे जिथे पाणी आलं तरी जिवंत माणसाचा संसार वाहून जाणार नाही, अशा गोष्टी. १९८९ च्या परिपत्रकाने निळ्या रेषेत जे चालेल असं लिहिलं, ते गावाने त्याआधीच करून ठेवलं होतं. आपण त्या मोकळ्या जागेला रिकामी जागा समजलो, एवढीच चूक झाली.

अब्बांचा तो प्लॉट अजून विकला गेलेला नाही. तिथे सध्या शेजाऱ्यांची शेळी चरते आणि पावसाळ्याआधी आम्ही मेथी-कोथिंबीर करतो. त्या जोडप्याने नंतर स्टेशनच्या बाजूला, जास्त पैसे घालून, उंचावर एक खोली घेतली. मागच्या ईदला शीरखुर्मा न्यायला दोघं घरी आली होती. अब्बांनी त्याला बसवून घेतलं, टेम्पोच्या हप्त्यांची चौकशी केली. प्लॉटचा विषय कोणी काढला नाही. ती निघाल्यावर अब्बा मला म्हणाले, "वो पानी कोपरे तक आया था ना, वहाँ चूने की लकीर मार दे. बरसात में मिट जाती, रंग से मार."

मी रंगाने मारली. खाली तारीख लिहिली. राहुरीच्या नकाशावर सध्या तरी आमच्याकडून एवढीच एक रेघ आहे. तुमच्या भिंतीवर असेल तर तुम्हीही मारा.